साचलेले पाणी आणि बुडालेला रोज

मुंबई–गोवा महामार्गावर पेण मागे पडले की थोड्याच वेळात वडखळ नाका येतो. इथे अलिबागचा रस्ता पश्चिमेला फुटतो आणि महामार्ग नागोठणे, कोलाड करत खाली दक्षिणेला जातो. आजूबाजूचा मुलूख अंबा नदीचा आणि धरमतरच्या खाडीचा, म्हणजे खारेपाटाचा. समुद्राच्या पाण्याला बांध घालून, त्यात उघाड्या म्हणजे पाण्याची दारे बसवून, पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही भातजमीन. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरने या खारबंदिस्तीची सविस्तर नोंद घेतली आहे. पाण्याशी रोजची झुंज असलेल्या या पट्ट्यात पुरुषांच्या एका दुखण्याचे नावही पाण्यावरूनच पडले आहे. वृषण उतरून सुजला, हाताला जड लागू लागला की ‘पाणी भरलंय’ असे म्हणतात. दवाखान्यात त्याला हायड्रोसील म्हणतात, पुस्तकात अंडवृद्धी. या दुखण्यावरचा साधा इलाज आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षे लिहून ठेवलेला आहे, तरी माणसे ते वर्षानुवर्षे अंगावर काढत आली. असे का, या प्रश्नाला बहुतेक जण ‘लाज’ या एका शब्दात उत्तर देतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. या दुखण्याच्या उपचारांचा इतिहास नीट पाहिला तर दिसते ते असे की, माणूस कोणता इलाज स्वीकारतो हे ठरवताना लाजेपेक्षा मोठा हिशेब त्याच्यापुढे असतो, आणि तो म्हणजे या इलाजापायी किती दिवस काम बंद राहणार.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. वृषणाभोवती एक पातळ दुहेरी आवरण असते. त्याच्या आत थोडासा द्राव सतत पाझरतो आणि सतत शोषलाही जातो. पाझरणे वाढले किंवा शोषणे कमी झाले की मधल्या जागेत पाणी साचते. तान्ह्या मुलात पोटातून वृषणाकडे येणारी वाट जन्मानंतरही उघडी राहिल्याने पाणी उतरते, आणि बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत ते आपोआप जिरते. मोठ्या माणसात पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. कधी मार लागलेला असतो, कधी जंतुसंसर्ग किंवा क्षय झालेला असतो, कधी आत गाठ दडलेली असते. हत्तीरोगाच्या प्रदेशात तर एका बारीक कृमीने लसिकावाहिन्या बिघडवलेल्या असतात. साध्या हायड्रोसीलमध्ये वेदना फारशी नसते, असते ते ओझे. पाव लिटर, अर्धा लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी दोन मांड्यांमध्ये वागवत माणूस चालतो, बसतो, नांगर धरतो. दुखत नाही आणि वाढते सावकाश, म्हणून त्याची सवय होते. लंगोट घट्ट आवळला की दिवस निघतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला बारावा अध्याय वृद्धी, उपदंश आणि श्लीपद या तीन विकारांना एकत्र घेतो. श्लीपद म्हणजे हत्तीपाय. वृषणाची सूज आणि हत्तीपाय यांना एका अध्यायात बसवणाऱ्याला कृमी ठाऊक नव्हता, पण एकाच मुलखातल्या माणसांत दोन्ही दिसतात हे त्याच्या नजरेतून सुटले नसावे. त्याच अध्यायात म्हटले आहे की जिथे जुने पाणी फार साचून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो, तिथे श्लीपद विशेष होते. थंडीचे सोडा, साचलेल्या जुन्या पाण्याचे निरीक्षण मात्र आजही खरे ठरते. वृद्धीचे सात प्रकार तिथे सांगितले आहेत. त्यांतली मूत्रवृद्धी आजच्या हायड्रोसीलच्या जवळ जाते आणि अंत्रवृद्धी म्हणजे उघडच आतडे उतरणे. चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मूत्रवृद्धीचा उपाय येतो: मधल्या शिवणीच्या बाजूला, खालच्या अंगाला व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करावा, दोन तोंडांची नळी घालून पाणी काढून टाकावे, मग नळी काढून पट्टी बांधावी. आजचा शल्यवैद्य सुईने पाणी काढताना याहून फार वेगळे करत नाही. शिवण टाळण्याची सूचना तर अनुभवी हाताशिवाय सुचणारच नाही. याच अध्यायात अंत्रवृद्धीसाठी जांघेत डाग देणे आहे, आणि विरुद्ध बाजूच्या कानापाशी शीर वेधणेही आहे. कानाच्या वेधाने आतडे वर चढत नाही. तरीही असे उपाय शतकानुशतके का टिकले, याचे एक कारण मला स्पष्ट दिसते: कान टोचून घेतलेला माणूस त्याच दुपारी शेतात जाऊ शकतो.

हाच निकष इंग्रजी वैद्यकाला लावला की एरवी सुटे वाटणारे तपशील एका सुतात येतात. नुसते पाणी काढले तर ते काही महिन्यांत पुन्हा भरते, कारण पाझरणारे आवरण तसेच राहते. ते आवरण चिकटून जावे म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे शल्यवैद्य जेम्स अर्ल पाणी काढल्यावर आत पोर्ट वाइन सोडत. १७९१ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. १८३२ मध्ये कलकत्त्याच्या नेटिव्ह हॉस्पिटलात जेम्स रॅनल्ड मार्टिन यांनी वाइनऐवजी आयोडीन वापरायला सुरुवात केली. या उपचारासाठी तिथे हजारांच्या संख्येने पुरुष आले. हे सारे हिंदुस्थानी पुरुष होते, बहुतेक कष्टकरी, आणि समोर परका गोरा डॉक्टर. लाज हाच मुख्य अडसर असता तर ही रांग लागलीच नसती. ते आले, कारण सुई टोचून, औषध सोडून थोड्या दिवसांत घरी जाता येत होते. आवरण कापून काढण्याच्या तेव्हाच्या शस्त्रक्रियेत मात्र जखम चिघळे, माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर पडे, आणि क्वचित उठतच नसे. मार्टिन यांनी आपल्या पद्धतीचे यश फार मोठे सांगितले. तो आकडा मी जपूनच घेतो, कारण पाणी पुन्हा भरलेला माणूस तक्रार घेऊन त्याच दारात परत येतोच असे नाही. तरी गर्दी हा पुरावा उरतोच. १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल यांनी मोहनिद्रेच्या प्रयोगाला हात घातला, तेव्हा त्यांचा पहिला रुग्ण तुरुंगातला एक कैदी होता आणि त्याला दोन्ही बाजूंना हायड्रोसील होते. पुढे वृषणकोशाची प्रचंड सूज घेऊन लांबलांबहून माणसे त्यांच्याकडे आली, कारण तिथे न दुखता कापतात अशी बातमी पसरली होती. भुलीचा क्लोरोफॉर्म त्यानंतर दोन वर्षांनी, १८४७ मध्ये आला.

मुंबईतही १८४५ हेच वर्ष महत्त्वाचे. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज त्या वर्षी सुरू झाले. तिथे १८५८ पासून शिकवणारे हेन्‍री व्हॅन्डाइक कार्टर हे ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’चे चित्रकार म्हणून जगाला माहीत आहेत. पण १८६२ मध्ये त्यांनी दुधाळ लघवी आणि लसिकावाहिन्यांचा बिघाड यांचा संबंध दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे. कृमी त्यांना दिसला नव्हता. बिघाड कुठल्या नळ्यांत आहे हे त्यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये देमार्के यांना हायड्रोसीलच्या पाण्यात कृमीची बारीक पिल्ले दिसली. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ती माणसाच्या रक्तात दाखवली, १८७६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये बॅन्क्रॉफ्ट यांना मोठा कृमी सापडला, आणि १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी तो डासाच्या पोटात वाढताना पाहिला. रोग डासाकरवी पसरतो ही कल्पना मलेरियाच्या आधी या कृमीने दिली. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत उच्चारत नाहीत, त्यातल्या पाण्याने वैद्यकाला एवढे मोठे दार उघडून दिले.

आता पुन्हा खारेपाटात येऊ आणि इथल्या माणसाचे वर्ष मोजू. मृग लागला की रहू टाकायचे, म्हणजे मोड आलेले भात पेरायचे. मग पाऊसभर पाणी राखायचे, दिवाळीच्या सुमाराला कापणी, मग झोडणी. ते उरकते न उरकते तोच मिठागरांची डागडुजी निघते, आणि मिठाचा हंगाम थेट पुढच्या पावसापर्यंत चालतो. पेण–पनवेल–उरणच्या पट्ट्यात शेत आणि आगर ही दोन्ही कामे आगरी समाजाने वाहिली. समाजाचे नावच आगरावरून आले असे सांगतात. शिवाय बांध. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली की खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. खांड बुजवायला गावातला प्रत्येक धडधाकट हात लागतो, आणि उधाण कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. १९४८च्या खारजमीन कायद्याने सरकारने या कामात लक्ष घातले, तोवर बांध राखणे हे गावाचे आणि खोताचेच काम होते. अशा वर्षात महिनाभर खाटेवर पडायला मोकळी जागा कुठे आहे? जो चिखलात उभा राहतो, डोक्यावरून मीठ वाहतो, त्याला शस्त्रक्रियेचा अर्थ ‘एक हंगाम’ असाच समजतो. मग तो लंगोट आवळतो, लेप लावतो, कुणी डाग दिला तर सोसतो, आणि फारच जड झाले तर पाणी काढून घेतो. त्याची ही निवड अज्ञानातून आलेली नाही. घरातला एक कमावता हात आणि एक दुखत नसलेली सूज, यांचे हे गणित आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की लाज मी फारच हलकी करतो आहे. लाज आहे, हे खरेच. बायकोशी न बोलणारे, लग्न मोडेल म्हणून लपवणारे, पंचा लांब नेसून वावरणारे पुरुष होते आणि आहेत; नामर्दपणाची भीतीही तिला चिकटलेली आहे, जरी साध्या हायड्रोसीलने पुरुषत्व जात नाही. पण लाज ही सर्व उपचारांना सारखीच आडवी यायला हवी होती. तसे झाले नाही. सुईला माणूस तयार झाला, सुरीला नाही. दोन्हीकडे कपडे तेवढेच सोडावे लागतात. फरक होता तो दिवसांचा, वेदनेचा आणि जिवाच्या धोक्याचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याने माझ्या मांडणीला खरोखरच मर्यादा पडते. गणित शहाणपणाचे असेल, पण ते चुकीच्या आकड्यावर मांडलेले असेल तर? जांघेतली आणि वृषणातली प्रत्येक सूज पाण्याची नसते. ‘अंतर्गळ’ हा आपला जुना शब्द आतडे उतरण्याचा, पण बोलताना तो कुठल्याही उतरलेल्या सुजेला लावला गेला. सुश्रुताने सात प्रकार वेगळे केले, रोजच्या भाषेने त्यांची एकच मोट बांधली. साध्या पाण्याची सूज वीस वर्षे वागवता येते. उतरलेले आतडे मात्र एखाद्या दिवशी पिळवटते, वर जात नाही, उलट्या सुरू होतात, आणि काही तासांत ते सडू लागते. तरुण मुलाच्या वृषणाला पीळ बसला तर तीव्र कळ येते, आणि सहाएक तासांत पीळ सुटला नाही तर वृषण वाचण्याची आशा झपाट्याने घटते. वृषणातली न दुखणारी कठीण गाठ कर्करोगाची असू शकते, आणि लवकर हाती लागली तर हा कर्करोग बरा होणाऱ्यांपैकी आहे. दोन्ही पायांसकट सूज आली असेल तर दोष हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा असू शकतो. अंधारात बॅटरी मागे धरून पाहिले की पाणी भरलेला कोश लालसर उजळतो आणि आतडे किंवा गाठ सहसा उजळत नाही. इतकी साधी ही परीक्षा आहे; तान्ह्या मुलात ती फसवते, म्हणून निर्णय डॉक्टरचाच हवा. शेकडो वर्षे माणसे ‘पाणीच आहे’ म्हणून थांबली, आणि त्यांतली काही थांबायला नको होती. रोजाचा हिशेब पाण्याच्या बाबतीत बरोबर होता, आतड्याच्या बाबतीत तो जीवघेणा ठरला. या चुकीचा दोष मी त्या माणसांना देत नाही. तपासून वेगळे सांगणारा कुणी दिवसभराच्या चालीच्या टापूत नव्हता, आणि धरमतरहून बोटीने मुंबई गाठणे हासुद्धा बुडालेला रोजच होता.

हत्तीरोगाच्या कृमीबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. खाडी, दलदल, खारे पाणी, म्हणजे हा रोग इथलाच, असे सहज वाटते. पण आपल्याकडे हा कृमी वाहणारा क्युलेक्स डास खाडीच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गटारात, शौचखड्ड्यात, घाण साचलेल्या डबक्यात वाढतो. म्हणजे धोका बांधाच्या बाहेरच्या पाण्याचा कमी, घरामागच्या पाण्याचा अधिक. सुश्रुताचे ‘जुने पाणी’ इथे नेमके बसते. महाराष्ट्रात हा रोग किनाऱ्यावर सिंधुदुर्ग, ठाण्याकडे जसा आहे तसाच, किंबहुना जास्त, समुद्रापासून शेकडो मैल दूर नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आहे. पुरुषाच्या शरीरात मोठ्या कृमींची आवडती जागा वृषणाच्या वरच्या लसिकावाहिन्या. ब्राझीलच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये सोनोग्राफीत तिथे जिवंत कृमींची वळवळ दाखवली. जगात हत्तीरोगाने पाय सुजलेले सुमारे दीड कोटी आणि हायड्रोसील झालेले पुरुष सुमारे अडीच कोटी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. चित्रे मात्र पायांचीच छापली गेली, म्हणून लोकांना रोग म्हटला की पाय आठवतो.

डीईसी हे औषध १९४७ मध्ये हाती आले आणि १९५५ मध्ये भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. कृमीची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून कर्मचारी रात्री कंदील-बॅटरी घेऊन दारोदार बोटाचे रक्त घेत फिरले. कृमीच्या सोयीने ठरलेली ही वेळ मजुराच्याही सोयीची होती: तो घरी असे, त्याचा रोज बुडत नसे. पुढे लक्षद्वीप आणि कारैकाल इथे डीईसी घातलेले मीठ वाटून रोग खाली आणता आला. चीनने हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला आणि २००७ मध्ये तो देश हत्तीरोगमुक्त ठरला. खाणाऱ्याचा एक क्षणही न मोडणारा हा उपचार होता. मिठागरांच्या मुलखातून पाहताना त्याचे विशेष वाटते. आपल्याकडे २००४ पासून वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम चालली, २०१९ मध्ये नागपूरला तीन औषधांचा एकत्रित डोस सुरू झाला. निर्मूलनाची मुदत २०१५ची होती, ती सरकत आता २०२७वर आली आहे. या मोहिमेवर लोकांचा एक आक्षेप असतो की गोळ्या खाल्ल्या तरी सूज तशीच राहिली. तो खरा आहे. गोळी रोग पुढच्या माणसाकडे जाऊ देत नाही, साचलेले पाणी काढत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

आणि शस्त्रक्रिया आता तेव्हाची राहिलेली नाही. आवरण उलटे करून शिवण्याच्या पद्धती एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर विंकेलमान आणि जाबूले यांनी रूढ केल्या. १९६४ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड यांनी फारसे रक्त न जाऊ देता आवरणाला चुण्या घालून शिवण्याची युक्ती दिली. आज कमरेखाली भूल देऊन काम होते, माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तरी जड कामाला काही आठवडे मनाई असतेच. मिठागरे मागे हटून डोळवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला, नाक्यावर ट्रकांची रांग लागली, पण रोजंदारीवर हमाली करणाऱ्याला हे काही आठवडे आजही त्याच्या आजोबांच्या एका हंगामाइतकेच महाग आहेत. सरकारला हे कळत नाही असे म्हणता येत नाही. त्याच कोशावर, दोन बोटांच्या अंतरावर होणाऱ्या पुरुष नसबंदीसाठी सरकारने रोख पैसे दिले, आणि १९८१ पासूनच्या योजनेत त्या पैशांचे नावच बुडालेल्या मजुरीची भरपाई असे ठेवले. १९७१ च्या एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात साठ हजारांवर पुरुष त्या टेबलावर झोपले. पुढे आणीबाणीत जबरदस्ती झाली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या काळाने सरकारी टेबलाची जी धास्ती पुरुषांच्या मनात घातली, तीही लाजेच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. भरपाईचे तत्त्व मात्र नसबंदीच्या बाबतीत मान्य झालेले होते. हायड्रोसीलसाठी शिबिरे झाली, शस्त्रक्रिया मोफत मिळू लागली, मजुरीच्या भरपाईचा तसा नियम काही रुजला नाही. म्हणून एकाच सरकारी रुग्णालयातून दोन पुरुष बाहेर पडतात, दोघांची शस्त्रक्रिया त्याच कोशावर झालेली, आणि घरी जाताना एकाच्याच हातात बुडालेल्या रोजाचे पैसे असतात.